तळव्याचा कडकपणा मोजायचं हातातलं यंत्र, रीडिंग दर वेळी वेगळं येतंय

सीमाभाग_मेकॅनिकल:
नमस्कार मंडळी, बेळगावात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी एक यंत्र करुलालोय. शुगरवाल्या पेशंटच्या तळव्याची कातडी आणि खालची गादी कडक होत जाते, पुढं तिथंच जखमा होतात, तर तो कडकपणा आकड्यात मोजायचा. जाड पेनासारखी नळी, पुढं १० मिमीचं चपटं टोक, मागं लोडसेल (बल मोजणारा सेन्सर) आणि त्याचं रीडिंग आकड्यात देणारा एचएक्स७११ चा बोर्ड. किती आत गेलं ते नळीवरच्या ॲक्सेलरोमीटरवरनं (त्वरण मोजणारा सेन्सर) काढतोय. रबरावर बरं चालतं पण टाचेवर त्याच जागी दर वेळी वेगळा आकडा, मी दाबलं तर एक, मैत्रिणीनं दाबलं तर भलताच. गाईड म्हणतात भारीतला लोडसेल घ्या. घेऊ काय?

उद्यमबाग_टूलरूम:
लोडसेल राहू दे भावा, गडबड खोली मोजण्यात आहे. ॲक्सेलरोमीटरवरनं अंतर काढायचं म्हणजे दोनदा इंटिग्रेशन, बारीक चूकसुद्धा फुगत जाते, एक-दोन मिमीची खोली त्यात हरवते. आणि नळी किती हलली हे तुला नकोच आहे की, कातडीपासून टोक किती आत गेलं ते पाहिजे. टोकाभोवती एक रुंद रिंग बसव, ती हलक्या स्प्रिंगनं कातडीवर टेकून राहील, टोक तिच्या मधनं खाली जाईल, आणि मोजायचं ते दोघांतलंच अंतर. स्वस्तातल्या डिजिटल व्हर्नियरची पट्टी कापून लावलीस तरी ०.०१ मिमी दाखवते. रिंग टोकाला खेटून नको, नाहीतर तिच्याच दाबानं मधली कातडी ताणली जाते. टोकाची धार पण जरा गोल करून घे. ॲल्युमिनियमचा तुकडा आणलास तर आमच्याकडं कुठल्याही लेथवर होईल.

दुसरं, तो बोर्ड बहुतेक वेळा सेकंदाला १० रीडिंगवर सेट होऊन येतो आणि हाताची थरथर असते ८ ते १२ हर्ट्झची, मग ती खोट्या संथ लाटेसारखी डेटात शिरते आणि वाटतं टिश्यूच (कातडी-गादीचं मांस) तसा आहे. रेटची पिन ग्राउंडवरनं सोडवून सप्लायला जोड, ८० मिळतील. ॲक्सेलरोमीटर काढू नको, नळीचा कल मोजायला लाव. टोक आणि दांडी मिळून २० ग्रॅम धरली तरी नळी खाली तोंड करून आणि वर तोंड करून धरण्यात ०.४ न्यूटनचा फरक नुसत्या वजनाचा पडतो.

खानापूरकर_बायोमेक:
वरचं सगळं पटलं. फक्त वेग विसरू नका, टिश्यू व्हिस्कोइलॅस्टिक आहे, जोरात दाबलं की कडक लागतो आणि दाबून धरलं की बल आपोआप उतरत जातं. दोघांच्या हातातला फरक बराचसा इथनंच येतो. जमलं तर छोट्या मोटरनं ठरलेल्या वेगानं टोक खाली सोडा, नाही जमलं तर वेग नोंदवा आणि ठरलेल्या वेगाबाहेरचं रीडिंग सरळ काढून टाका. पहिले दोन-चार दाब कशातच धरू नका, त्यात टिश्यू नुसता बसत असतो.

आणि नुसतं बल भागिले खोली हा गुणधर्म नाही, खाली हाड आहे. टाचेची गादी साधारण १८ मिमी जाड, पुढच्या चवड्याखाली बरीच पातळ, म्हणून तोच टिश्यू तिथं उगाच कडक दिसतो. हेज आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कूर्चेसाठी (सांध्यातलं मऊ हाड) गणित मांडलं, टोकाची त्रिज्या आणि थराची जाडी यांच्या गुणोत्तरावरनं दुरुस्ती करायची, ते इथंही वापरतात. जाडी सोनोग्राफीवर मोजून घ्या, अंदाजानं टाकू नका.

फिजिओ_निपाणी:
मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पेशंटचं सांगते. बोटं वर ओढली की तळव्याचा फॅशिया (कातडीखालचा चिवट पट्टा) ताणला जातो आणि तीच जागा दगडासारखी लागते, त्यामुळे घोटा आणि बोटं दर वेळी एकाच स्थितीत ठेव, पेशंटला पालथं झोपवून केलंस तर सोपं जाईल. घट्टा असेल तिथलं वेगळं लिही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातल्या बऱ्याच लोकांच्या पायाची जाणीव गेलेली असते, आम्ही १० ग्रॅम दाबाचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा बारीक तंतू) टेकवतो तो सुद्धा त्यांना कळत नाही, मग तू जास्त दाबलंस तर दुखतंय म्हणून कोण सांगणार? सॉफ्टवेअरवर विसंबू नको, एका मर्यादेपुढं टोक जाऊच नये असा लोखंडी अडथळा आतच बसव. आणि एथिक्स कमिटीची परवानगी मिळाल्याशिवाय एकाही पेशंटला हात लावू नको. झालं तर आमच्या ओपीडीला खरंच पाहिजे असलं काहीतरी, आज आम्ही अंगठ्यानं दाबून वहीत "कडक" एवढंच लिहितो.

सीमाभाग_मेकॅनिकल:
ताई, अडथळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं, रिंगच्या आतच खांदा ठेवतो म्हणजे टोक त्याला येऊन थांबेल. दादा, ॲल्युमिनियमचा रॉड घेऊन शनिवारी उद्यमबागेत आलो तर चालेल काय?

उद्यमबाग_टूलरूम:
ये की. ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात किती कमी-जास्त चालेल ते) लिहून आण, टोक रिंगमध्ये घासलं तर ते घर्षण पण लोडसेल मोजत बसेल.