बसवा तो व्हॉल्व्ह, पावत्या जपून ठेवा

टोरांटोतल्या मेहुण्याला महापालिकेनं तळघरात पाणी शिरू नये म्हणून पैसे दिले, मग कोल्हापुरात का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तिथं परवानाधारक प्लंबरकडून व्हॉल्व्ह किंवा पंप बसवून घ्यायचा, पावत्यांसह अर्ज करायचा, मग खर्चाचा ठरावीक भाग परत मिळतो. आपल्याकडं सानुग्रह अनुदान मिळतं ते पूर ओसरल्यावर, पंचनाम्यावर.

२०१९ ला आमच्या तळघरात पाणी रस्त्यावरून नाही, संडासाच्या पाइपातून वर आलं. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरतं आणि ड्रेनेज उलटं वाहतं. म्हणून नंतर घराच्या ड्रेनेज चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर जाऊ देणारी पण उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवला. तो दर मे महिन्यात उघडून साफ करा, कचरा अडकला तर झडप मिटत नाही. विजेचं मीटर वरच्या मजल्यावर न्या, हे तर आधीच.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आत सामान हलवा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पुरानंतर गाळ काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा. आणि वॉर्ड ऑफिसला नुकसानीचा लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्याच. २०२१ ला माझ्याकडं तो होता म्हणून पाठपुरावा करता आला.