सॅन फ्रान्सिस्को बे एरियात रेडवुडच्या (उंचच उंच वाढणारी कॅलिफोर्नियातली झाडं) सावलीतला दिवसभराचा हाइक सुचवा (आई-बाबा बरोबर आहेत)

सायली_सनीवेल:
नमस्कार मंडळी, जुलैत आई-बाबा पुण्याहून येतायत. त्यांना एक दिवस रेडवुडच्या जंगलात मनसोक्त चालवून आणायचंय. बाबा ६८ चे पण रोज पर्वती चढतात, आईला चढायला काही होत नाही पण उतारावर गुडघा दुखतो आणि ऊन अजिबात सोसत नाही. बरोबर १० वर्षांचा मुलगा. ४-५ मैल चालणं, मधे कुठेतरी बसून डबा, एवढंच हवंय. म्यूर वुड्स माहितीये पण गर्दीची धास्ती वाटते. बिग बेसिन आता कसं आहे? आणि ट्रेलच्या माहितीत हे 'मॉडरेट' लिहितात म्हणजे नक्की काय समजायचं?

डोंगरवेडा:
सायली, डोळे मिटून पुरिसिमा क्रीक रेडवुड्सला जा, पण हाफ मून बेच्या बाजूने, हिगिन्स कॅन्यन रोडवरून. हे महत्त्वाचं आहे कारण त्याला दोन बाजूंनी जाता येतं आणि बरेच जण वरून, स्कायलाइन रोडवरून सुरू करतात. तिथून आधी उतार आणि दमल्यावर परतीचा चढ, म्हणजे आईंच्या गुडघ्याला पहिल्याच तासात त्रास. खालून गेलात की पुरिसिमा क्रीक ट्रेल ओढ्याच्या कडेकडेने हळूहळू चढत जातो, रुंद वाट आहे, दोघं शेजारी गप्पा मारत चालू शकतात, आणि जवळजवळ सगळी सावली. क्रेग ब्रिटन ट्रेलचा फाटा साधारण सव्वादोन मैलांवर येतो, तिथून मागे फिरा. साडेचार मैल होतात. कोणी दमलं तर आधीच वळा, आल्या वाटेनेच परत यायचं असल्यामुळे अडकून पडायची भीती नाही. वयस्कर माणसं बरोबर असताना मी तरी हेच आधी बघतो, मैल किती ते नंतर.

मॉडरेटचं म्हणाल तर मैलांपेक्षा चढ किती फूट ते वाचा. तिथलाच हार्किन्स रिजवरून जाणारा ७ मैलांचा लूप आहे, त्यालाही कुणी मॉडरेट म्हणतं, पण चढ १६०० फुटांच्या आसपास आणि तो रिजचा (डोंगराच्या धारेचा) भाग उघडा, चांगलंच ऊन लागतं. आईंना तो नको.

पाऊलवाट:
वरच्याला माझं अनुमोदन. बिग बेसिन सावलीसाठी नको. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात जवळजवळ सगळं पार्क होरपळलं, २०२२ मध्ये थोडं उघडलं. रेडवुडची साल इतकी जाड असते की बरीच मोठी झाडं जगली, काळ्या पडलेल्या खोडांना बुंध्यापासून वरपर्यंत हिरवे कोंब फुटलेत, ते बघून खरंच भरून येतं. पण डोक्यावरचं छत्र अजून विरळ आहे.

एक मात्र आधीच सांगून ठेवा, पुरिसिमाला एकोणिसाव्या शतकात प्रचंड तोड झाली, ओढ्याकाठी लाकडाच्या गिरण्या होत्या. त्यामुळे आता दिसतात ती बहुतेक झाडं नंतर वाढलेली, उंच आहेत पण फोटोतल्यासारखे अवाढव्य बुंधे फारसे नाहीत. ते हवे असतील तर वेगळ्या दिवशी फेल्टनला हेन्री कॉवेलला जा. तिथला रेडवुड ग्रोव्ह लूप पाऊण मैलाच्या जरासा वर, अगदी सपाट, झाडं मात्र शेकडो वर्षांची.

अनुजा_ओकलंड:
ईस्ट बेकडून कोणी वाचत असेल तर ओकलंडचं रेडवुड रीजनल पार्क पण सुंदर आहे. कॅन्यन मेडोवरून स्ट्रीम ट्रेल घ्या, सुरुवातीला डांबरी आणि सपाट आहे. इथे कुत्रा नेता येतो, पुरिसिमाला नाही.

आणि ताई, म्यूर वुड्स यादीतून काढू नका हं. गाडीचं पार्किंग आधी बुक करावंच लागतं, त्यामुळे सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर शांतता असते (बुकिंग फोनमध्ये सेव्ह करून न्या, तिथे सिग्नल नसतो). बाबांना इतिहासाची आवड असेल तर कॅथीड्रल ग्रोव्ह दाखवा, मे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्कोला जमलेले प्रतिनिधी नुकतेच वारलेले अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना श्रद्धांजली वाहायला तिथे आले होते.

डोंगरवेडा:
अजून थोडं राहिलं. जुलैत सनीवेलला भाजून निघत असलात तरी तिकडे समुद्रावरून धुकं आत येतं, सकाळी चक्क थंडी वाजते, आईबाबांना स्वेटर घ्यायला लावा. याच धुक्यावर ही झाडं कोरडा उन्हाळा काढतात, पानांवर धुकं अडतं आणि थेंब थेंब खाली मुळांशी गळतं. मुलाला दाखवा, पाऊस नसताना झाडाखालची माती ओली असते. जमिनीवर तीन पानांची हिरवी गादी दिसेल ती आपल्या आंबुशीची चुलत बहीण. पिवळीधमक बनाना स्लग (बिनशंखाची गोगलगाय) दिसली तर हात लावू देऊ नका. पॉयझन ओकलाही (अंगाला लागलं की खाज-पुरळ आणणारं झुडूप) तीनच पानं, पण ती ओकसारखी नागमोडी कडांची, ओळखायला आधी फोटो बघून जा. फुल पँट बरी.

डब्याला दशम्या-चटणी न्या, पण खाली एक कणही सांडू देऊ नका. सांडलेल्या अन्नावर निळे 'जे' पक्षी आणि कावळे जमतात आणि तेच मार्बल्ड मुरलेट नावाच्या समुद्रपक्ष्याची अंडी खातात. तो पक्षी जुन्या रेडवुडच्या उंच फांद्यांवर अंडं घालतो आणि आधीच फार कमी उरलाय.

सायली_सनीवेल:
किती छान लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! पुरिसिमा पक्कं, खालच्या बाजूने. हेन्री कॉवेल दुसऱ्या आठवड्यात. म्यूर वुड्सचं बुकिंग मिळतंय का बघते. आईसाठी दोन वॉकिंग पोल घेतेय. शनिवारी गेलं तर चालेल का? आणि तिथे टॉयलेट, पाणी?

पाऊलवाट:
टॉयलेट सुरुवातीलाच आहे, नळ-फ्लश नाही, साधं. प्यायचं पाणी नाही, घरूनच भरून न्या. जमलं तर आठवड्यातला वार बघा, पार्किंग अगदी थोडं आहे आणि शनिवारी हायवे ९२ वर बीचला जाणाऱ्यांचा ट्रॅफिक असतो. शनिवारच असेल तर ८ च्या आत पोचा. निघायच्या आदल्या दिवशी ट्रेल चालू आहे ना ते मिडपेनिन्सुला ओपन स्पेसच्या (हे जंगल सांभाळणारी संस्था) साइटवर बघून घ्या, कधीकधी कामासाठी बंद ठेवतात.