लॅब आणि फेरेटला एकच ड्राय फूड?

ताई, तुम्ही विचारलंय की लॅबचंच, म्हणजे लॅब्राडोर कुत्र्याचंच, ड्राय फूड नवीन फेरेटला चालेल का, तर प्लीज नका देऊ. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, पक्का मांसाहारी, आतडं एवढंसं, खाल्लेलं ३-४ तासांत बाहेर पडतं, त्यामुळे मका-तांदूळ-डाळींनी भरलेलं फूड त्याच्या अंगाला लागतच नाही. प्रोटीन ३५ टक्क्यांच्या आसपास आणि तेही मांसाचं, फॅट १५-२०, फायबर ३ च्या आत, एवढं बघा. फेरेटचं फूड नाही मिळालं तर मांजरीच्या पिल्लांचं चांगलं फूड चालतं, वाटी कायम भरलेली ठेवा, तो दिवसभर थोडं थोडं खातो.

लॅबसाठी पाकिटावरचा फोटो सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा, मी घोडबंदर रोडच्या दुकानात उभी राहून तेच करते. ओल्या फूडवर प्रोटीन ८ टक्के दिसतं पण त्यात ७८ टक्के पाणी असतं, पाणी वजा केलं की तेच ३६ होतं, म्हणून ड्रायशी थेट तुलना नका करू. आणि लॅब पटकन सुटतो, रोज मोजूनच घाला.

आपल्याकडच्या पावसात मोठं पोतं अजिबात नको, फॅट खवट होतं, छोटं घ्या आणि पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. नवीन फूड ७-१० दिवसांत हळूहळू मिसळत न्या, फेरेट तर वासावरूनच नाही म्हणतो, त्याला जास्त वेळ द्या.