शब्दचर्चा : ‘परस्पर मान्यता’ म्हणजे नेमकी कशाची मान्यता?

प्रश्न : संपादनासाठी आलेल्या एका तांत्रिक अनुवादात पुढील वाक्य आहे : ‘मान्यता देणाऱ्या संस्थांमधील परस्पर मान्यतेमुळे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या अहवालाला परदेशात मान्यता मिळते.’ व्याकरणात दोष नाही, पण कोण कोणाला काय देतो हे त्यातून कळत नाही. मूळ मजकुरात ॲक्रेडिटेशन, रेकग्निशन आणि ॲक्सेप्टन्स असे तीन वेगळे शब्द आहेत. पहिल्यासाठी ‘प्रमाणन’ वापरले तर गोंधळ मिटेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद : ‘प्रमाणन’ वापरू नये, कारण तो शब्द सर्टिफिकेशनसाठी पक्का झालेला आहे आणि या क्षेत्रातील सगळी मांडणीच त्या दोहोंमधील फरकावर उभी आहे. एखादे उत्पादन ठरलेल्या मानकाप्रमाणे आहे असे तिसऱ्या, त्रयस्थ पक्षाने लेखी सांगणे म्हणजे प्रमाणन. असे सांगणारी संस्था किंवा चाचणी करणारी प्रयोगशाळा ते काम करण्यास सक्षम आणि निःपक्षपाती आहे, हे तिच्याही वरच्या संस्थेने तपासून जाहीर करणे म्हणजे ॲक्रेडिटेशन. त्यासाठी मी ‘अधिस्वीकृती’ सुचवेन. हिंदीतील ‘प्रत्यायन’ अर्थाने चोख आहे, परंतु मराठी वाचकाच्या कानाला तो परका वाटतो.

एक सावधगिरी मात्र हवी. अधिस्वीकृती प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मूल्यांकन होते तेव्हा कोणत्या पदार्थावर, कोणत्या पद्धतीने, कोणती चाचणी करता येते याची यादी ठरते. तिला ‘व्याप्ती’ म्हणतात. पाण्यातील शिसे मोजण्याची अधिस्वीकृती असलेल्या प्रयोगशाळेने खेळण्यांच्या रंगातील शिसे मोजून दिले, तर तो अहवाल चूक असेलच असे नाही, पण तो अधिस्वीकृत अहवाल नव्हे. म्हणून ‘अधिस्वीकृत प्रयोगशाळा’ एवढेच लिहून थांबणे अनेकदा दिशाभूल करणारे ठरते. ‘या चाचणीसाठी अधिस्वीकृत’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक होय.

दुसरा प्रतिसाद : ‘अधिस्वीकृती’ म्हटले की मला पत्रकारांचे ओळखपत्र आठवते. तरीही दुसरा चांगला शब्द सुचत नसल्यामुळे विरोध करत नाही.

तिसरा प्रतिसाद : ॲक्रेडिटेशनचा प्रश्न सुटला असे मानले, तरी खरी अडचण ‘परस्पर मान्यता’ या जोडशब्दात आहे, कारण तो निदान तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि मराठीत वाचताना त्या तिन्ही एकच वाटतात.

पहिली गोष्ट अधिस्वीकृती संस्थांमधील. प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीविषयी आंतरराष्ट्रीय सहकार्याची सुरुवात १९७७ मध्ये कोपनहेगन येथील परिषदेने झाली आणि त्यातूनच पुढे आयलॅक ही संघटना आकाराला आली. २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टन येथे २८ अर्थव्यवस्थांमधील ३६ अधिस्वीकृती संस्थांनी आयलॅकच्या परस्पर मान्यतेच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. येथे एक संस्था दुसरीची कार्यपद्धती आपल्या तोडीची मानते, आणि हे केवळ विश्वासावर सोडलेले नसते : इतर देशांतील समकक्ष संस्थांचे मूल्यांकनकार येऊन प्रत्यक्ष काम पाहतात व ठरावीक काळाने पुन्हा येतात. अधिस्वीकृती संस्थांनी कसे वागावे याचे मानकही वेगळे आहे, आयएसओ/आयईसी १७०११.

दुसरी गोष्ट सरकारांमधील. युरोपीय समुदाय आणि अमेरिका यांनी १९९८ मध्ये केलेला करार या प्रकारचा. त्यात कोणीही दुसऱ्याचे नियम आपल्या नियमांच्या बरोबरीचे मानलेले नाहीत. निर्यातदार देशातील नियुक्त संस्थेने आयातदार देशाच्या नियमांप्रमाणे चाचणी केली, तर ती ग्राह्य धरली जाते, एवढाच त्याचा गाभा. ‘परस्पर मान्यता’ वाचून ‘आमच्या नियमात बसते म्हणजे त्यांच्याकडेही चालेल’ असा अर्थ घेणारा निर्यातदार येथे फसतो.

तिसरी गोष्ट नेमकी तीच, नियमांची मान्यता. १९७९ मध्ये युरोपीय समुदायाच्या न्यायालयाने एका फ्रेंच फळमद्याच्या प्रकरणाचा निकाल दिला. जर्मनीच्या नियमाप्रमाणे त्यात किमान २५ टक्के मद्यार्क हवा होता, तो नव्हता. एका सदस्यदेशात कायदेशीररीत्या तयार होऊन विकले जाणारे उत्पादन सबळ कारणाशिवाय दुसऱ्या सदस्यदेशात अडवता येणार नाही, हे तत्त्व या निकालातून रुजले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये १९९८ पासून लागू असलेली व्यवस्थाही याच जातीची आहे.

तेव्हा माझी सूचना अशी की, ‘परस्पर मान्यता’ हा शब्द एकटा कधीच लिहू नये. ‘अधिस्वीकृतीची’, ‘चाचणी-निष्कर्षांची’ किंवा ‘नियमांची’ यांपैकी एक षष्ठी त्याच्याआधी लावावीच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : आभारी आहे. ते वाक्य आता असे केले आहे : ‘अधिस्वीकृती संस्थांनी एकमेकींच्या अधिस्वीकृतीला मान्यता दिल्यामुळे अधिस्वीकृत चाचणीचा अहवाल परदेशात स्वीकारला जातो.’ शेवटचा शब्द ‘मान्यता’वरून ‘स्वीकार’कडे नेला. शिवाय ‘करार’ लिहावे की ‘व्यवस्था’, हेही सांगावे.

तिसऱ्या प्रतिसादाची पुरवणी : ‘स्वीकारला जातो’ ऐवजी ‘स्वीकारला जाण्याचा मार्ग सुकर होतो’ असे लिहावे. मान्यता आणि स्वीकार यांच्यामध्ये नियामक यंत्रणा उभी असते, आणि आयलॅकच्या दस्तऐवजावर सही करणाऱ्यांमध्ये ती नसते. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या कराराचे सहावे कलमसुद्धा दुसऱ्या सदस्याचे निष्कर्ष ‘शक्य तेव्हा’ स्वीकारावेत असेच सांगते आणि अनुरूपतेबाबत, म्हणजे उत्पादन ठरलेल्या नियमांत किंवा मानकांत बसते याबाबत, खात्री पटण्याची अट घालते. नियामकाने नकार दिला तर आपले वाक्य खोटे ठरेल.

‘करार’ आणि ‘व्यवस्था’ यांतील भेद मूळ दस्तऐवजांतच आहे. सरकारांमध्ये बंधनकारक करार होतो. अधिस्वीकृती संस्थांनी आपल्या दस्तऐवजाला जाणीवपूर्वक ‘व्यवस्था’ म्हटले आहे. आपणही तसेच म्हणावे.

पहिल्या प्रतिसादाची पुरवणी : याच अनुवादात ‘तपासणी’ हा शब्द कोठे कोठे आला आहे तेही पाहावे. नमुन्यावर ठरलेल्या पद्धतीने गुणधर्म मोजणे ही ‘चाचणी’, तर वस्तू किंवा जोडणी पाहून तज्ज्ञाने निर्णय देणे हे ‘निरीक्षण’, आणि त्याचे मानक आयएसओ/आयईसी १७०२० हे आहे. दोन्ही ठिकाणी ‘तपासणी’ लिहिल्यास वाचक चुकीचे मानक उघडून बसेल.