मदत हवी आहे : तात्पुरती नोकरी आणि अप्रेजलचा फॉर्म

नमस्कार मंडळी,
ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी २६ आठवड्यांसाठी मला एजन्सीमार्फत घेतलं. चार महिने झाले. आता साहेबांनी अप्रेजलचा (कामाच्या मूल्यमापनाचा) फॉर्म हातात दिलाय. मला वाटलं होतं, टेम्पररी माणसाला कसलं आलंय अप्रेजल!

तोंडी सांगितलं, "कामाचा वेग कमी आहे." खरं सांगते, राग आला. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न), २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न), एकदाही उशीर नाही. मधे १४ ला २बी (व्हेंडरांनी दाखवलेल्या बिलांचं स्टेटमेंट) आलं की खरेदीची बिलं एकेक करून जुळवत बसते. जुन्या फाइलीत एका व्हेंडरचा जीएसटी नंबरच चुकीचा होता, तो शोधण्यात दोन दिवस गेले. ते कुणाला दिसत नाही. त्या वेळी मी गप्प बसले, हेही चुकलंच म्हणा.

फॉर्ममध्ये हे सगळं तारखांसकट लिहू का? की भांडखोर वाटेन? मुदत वाढवण्याचं तिथेच विचारावं की वेगळं भेटून? सही करण्याआधी 'मान्य नाही' असं लिहिता येतं का?

दुसरं म्हणजे, मार्चअखेरीला सीएंच्या ऑफिसात दोन-तीन महिन्यांची कामं निघतात. त्यासाठी थेट जाऊन भेटावं की एजन्सीच बरी? टॅली, एक्सेल येतं. पीएफचा यूएएन नंबर आहे, तोच पुढे चालेल एवढं माहीत आहे.

शुक्रवारी फॉर्म द्यायचाय. कुणी अशा जागी काम केलं असेल तर जरूर सांगा.