मदत हवी आहे: जुनी लेक्सस एलएस घ्यावी का? 2005 ची 430 की 2010 ची 460?

नमस्कार मंडळी, गाड्यांमधलं कळणाऱ्यांनी जरा डोकं लावा. आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतायत आणि आमच्या कोरोलाच्या मागच्या सीटवर बाबा (सहा फूट) बसले की त्यांचे गुडघे थेट माझ्या पाठीत. बायकोचं म्हणणं सरळ आहे, नवी हायब्रिड एसयूव्ही हप्त्यांवर घे आणि विषय संपव. मला मात्र तीन महिने एलएसचं (टोयोटाच्या लेक्सस ब्रँडची मोठी आलिशान सेडान) खूळ लागलंय.

दोन गाड्या हेरून ठेवल्यात. पहिली 2005 ची एलएस 430, 1 लाख 18 हजार मैल, 9200 डॉलर सांगतायत, 4.3 लिटर व्ही8 (आठ सिलिंडरचं इंजिन), 6 गिअरची ऑटोमॅटिक. दुसरी 2010 ची एलएस 460 एल म्हणजे लांबवाली, 1 लाख 4 हजार मैल, 11 हजार डॉलर, 380 एचपी, 8 गिअर, टायमिंग चेन असल्यामुळे टायमिंग बेल्टची (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटणारा रबरी पट्टा) भानगड नाही आणि मागे जागा एवढी की बाबा पाय पसरून पेपर वाचतील.

पण मन बसलंय 430 वर. इंजिन सुरू झालंय हे कळलंच नाही, मी परत चावी फिरवणार तेवढ्यात सेल्समनने हात धरला. डॅशबोर्डमध्ये चक्क कॅसेट प्लेअर आहे! घरून बाबांची नाट्यगीतांची एक कॅसेट खिशात घालून गेलो होतो (हो, मुद्दाम), ती लावली आणि पहिली दोन मिनिटं कोणी बोललंच नाही, सेल्समनला त्यातलं ओ की ठो कळत नसून तोही गप्प.

आता अडचण. ह्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट 90 हजार मैलांना बदलायचा असतो, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणजे इंजिनाचं भजंच. डीलर म्हणतो बदललाय, बिल मागितलं तर म्हणे आधीच्या मालकाकडे असेल. कारफॅक्समध्ये (गाडीचा जुना इतिहास दाखवणारा रिपोर्ट) ऑइल बदलल्याच्या नोंदी ओळीने आहेत, बेल्टचं नाव नाही. ओळखीच्या मेकॅनिकने बेल्ट, वॉटर पंप सगळं मिळून बाराशे डॉलर सांगितलेत. मग हे बाराशे किमतीतून कमी करायला सांगू, का गाडीच सोडू? आणि 460 बद्दल कुणाचा अनुभव?

प्रतिसाद:
बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरून चाल. इंजिनाच्या कव्हरवर किंवा बॉनेटखाली मेकॅनिक लोक तारीख आणि मैल लिहून स्टिकर लावतात, तो शोध. 460 चं इंजिन चांगलंय, 2010 साली व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणं) निघाला होता पण तो 2007-08 च्या गाड्यांचा, तरी व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघून घे. खरं दुखणं पुढच्या कंट्रोल आर्मचं, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचं. त्यांच्या सांध्यातले रबरी बुश झिजतात, दोन्ही बाजूंचे मिळून आठ आर्म होतात आणि सगळे बदलायचे म्हटलं की घाम फुटतो. स्पीडब्रेकरवरून हळू ने, काच खाली करून कान दे, खट्‌खट्‌ आली तर समजून जा. लक्षात ठेव, गाडी 9 हजाराची झाली तरी पार्ट अजून 55 हजाराच्या गाडीचेच आहेत.

प्रतिसाद:
दोन्हीतल्या कुठल्याही गाडीला एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी) असेल तर आधी विचार कर. माझ्या आधीच्या गाडीला होतं (कंपनीचं नाव घेत नाही), सकाळी बघावं तर एक कोपरा म्हशीसारखा खाली बसलेला. साध्या स्प्रिंगवाली बघ. दुसरं म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गाडी खालून गंजते, गाडी कुठल्या राज्यात फिरलीय ते बघ आणि लिफ्टवर चढवून खालून ब्रेकलाइन, सबफ्रेम (खालचा लोखंडी सांगाडा) तपास. आणि एक विचारू का, काकूंच्या गुडघ्यांचं काय? सेडानमध्ये खाली बसावं लागतं, उठताना त्रास होतो.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांनाही. 430 साध्या स्प्रिंगवाली आहे, ते विचारून घेतलं. स्टिकर सापडला नाही. बेल्टचे बाराशे कमी करा म्हटलं तर डीलर सातशेवर आलाय. गुडघ्याचा मुद्दा मात्र डोक्यातच आला नव्हता, लाज वाटली. आईला फोन केला तर म्हणाली, मला काय, मागच्या वेळी तुझ्या मित्राच्या उंच गाडीत चढताना बाबांनी मला मागून ढकलून चढवलं होतं, त्यापेक्षा खाली बसलेली बरी. हे ऐकून बायको पहिल्यांदा जरा नरमली. शनिवारी गाडी लिफ्टवर चढवून तपासून घ्यायचं ठरलंय, डीलर आधी नको म्हणत होता. एडिसनच्या आसपास लेक्ससवर काम केलेला, डीलरशी संबंध नसलेला मेकॅनिक कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, शुक्रवारपर्यंत.