घणसोलीत भाड्यासाठी वन बीएचके घेताना जोखीम कशी तपासायची?

खाडीकाठ
भाड्याने देण्यासाठी नवी मुंबईत घणसोलीत वन बीएचके बघतोय. सेक्टरमधला फ्लॅट ७० लाख, भाडं २० हजार. गावठाणालगतच्या इमारतीत तेवढीच जागा ३२ लाखांना आहे, भाडं १५ हजार येईल म्हणतात. आकड्यांत दुसरा सौदा उजवा दिसतो. यात धोका कुठे आहे? आणि भाडेकरू ठेवताना काय चुकवू नये?

पारसिक
किमतीवर वर्षाचं भाडं पहिल्यात ३.४ टक्के, दुसऱ्यात ५.६ टक्के. वरचे दोन टक्के दिसतात ते त्या इमारतीकडे बहुधा ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) नाही म्हणून. एजंटने दाखवलेली झेरॉक्स धरू नका. ओसीचा क्रमांक आणि तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात जुळवून घ्या. डोंबिवलीत बोगस परवानग्यांवर रेरा (गृहप्रकल्पांची सरकारी नोंदणी) क्रमांक मिळवलेल्या इमारती निघाल्याच आहेत, त्यामुळे नुसता रेरा क्रमांक पुरेसा नाही. ओसी नसेल तर राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणजे उद्या विकताना गिऱ्हाईकही फक्त रोखीचं. पाडण्याची नोटीस आली तर भाडं आणि भांडवल दोन्ही जातं. आणि हा प्रश्न पैशांपुरता नाही. २०१३ मध्ये शिळफाट्याला पडलेल्या बेकायदा इमारतीत ७४ माणसं गेली. अशा जागेत भाडेकरू ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेक्टरमधली जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), भाडेपट्ट्याची. सिडकोनेच बांधलेलं घर असेल तर मूळ वाटपपत्रापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा कागद मागा. पूर्वी बरेच व्यवहार नुसत्या मुखत्यारपत्रावर झालेत, साखळी तिथे तुटते.

हिशेबही निव्वळ करा. २ लाख ४० हजारांतून एक महिना रिकामा (२० हजार), मेंटेनन्स (३६ हजार), मालमत्ता कर (८ हजार), दुरुस्ती-दलाली (१६ हजार) वजा केले की १ लाख ६० हजार उरतात, म्हणजे २.३ टक्के. कर्ज काढून घेणार असाल तर दरमहा खिशातून भरावं लागेल.

दस्तनोंदणी
लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खर्च किती? २० हजार भाडं, ६० हजार अनामत, ११ महिने धरले तर ०.२५ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क साधारण ५६५ रुपये आणि शहरी भागात नोंदणी फी १,०००. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. पाचशे रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून हे संरक्षण मिळत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा आणि पावती जपा.

अर्थिंग
चावी देण्याआधी वायरमनला एक दिवस द्या. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच; एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, शॉक लागलेल्या माणसाला नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. गिझर आणि एसीला स्वतंत्र लाइन, जमल्यास ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आत बेशुद्ध पडतो. खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा; पूर्ण जाम ग्रिल आगीत माणसाला कोंडतं. सोसायटीकडे अग्निशमनचा 'फॉर्म बी' (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) मागा, तो दर जानेवारी आणि जुलैला द्यायचा असतो.

खाडीकाठ
गावठाणाचा विचार सोडला. सोसायटी भाडेकरू ठेवण्यासाठी महिना दोन हजार जास्त मागते, ते बरोबर आहे का?

दस्तनोंदणी
नाही. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. लेखी पत्र द्या, नाही ऐकलं तर उपनिबंधकांकडे तक्रार करा.